चौदा फेऱ्या

गेल्या वर्षी दिवाळीला आमचे चिरंजीव पुण्याहून आले ते दोन छोटे डबे घेऊन. एक माझ्यासाठी, एक त्याच्या आईसाठी. डब्यात मनगटाला बांधायचा काळा पट्टा. तो वेळ दाखवतो, नाडी मोजतो, झोप मोजतो आणि मुख्य म्हणजे दिवसभरात आपली किती पावलं पडली ते सांगतो. "अण्णा, आता तुमचं फिरणं मला पुण्यात बसून दिसेल," तो म्हणाला. तेहतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरांची हजेरी घेतली. आता माझा मुलगा माझी हजेरी घेणार, याची मला गंमत वाटली.

पहिले दोन महिने मजेत गेले. धाराशिवात आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा एक कंपू आहे. सगळे निवृत्त. तीन मास्तर, एक तलाठी, एक बँकेतले, एक एस.टी.तले. पूर्वी आमच्या गप्पा पेन्शन, गुडघे आणि पाऊस या तीनच विषयांवर चालायच्या. पट्टे आल्यापासून चौथा विषय मिळाला. "माझे साडेआठ हजार झाले, तुमचे किती?" आमचे तलाठी तर नऊ हजार आठशे झाले की घरात न जाता फाटकापाशीच येरझाऱ्या घालायचे. दहा हजार भरले की पट्टा मनगटावर थरथरतो, त्या थरथरीसाठी! मी त्यांना हसायचो. पण दोनदा मीही अंगणात तेच केलंय, हे इथं कबूल करून टाकतो.

संक्रांत झाली आणि आठच दिवसांनी आमची ही न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "हाड बसवलंय, आता चालणं हेच औषध. जितकं चालतील तितकं बरं." घरी आल्यावर काही दिवस व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं वॉकर धरून कसं चालायचं ते दाखवलं. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाच्या तुळशीपर्यंत जायचं आणि परत यायचं, ही एक फेरी.

वॉकरनं चालणारं माणूस ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांना सांगतो. आधी वॉकर उचलायचा, वीतभर पुढं ठेवायचा. मग दुखरा पाय टाकायचा. मग सगळा भार हातांवर घेऊन चांगला पाय त्याच्याजवळ आणायचा. मग दम घ्यायचा. आपण ज्याला एक पाऊल म्हणतो आणि टाकल्याचं लक्षातही ठेवत नाही, त्यासाठी तिच्या कपाळावर घाम यायचा.

तिच्या मनगटावर तो पट्टा होताच. रोज रात्री नऊला पुण्याहून फोन. "आई, आज फक्त एकशे चाळीस?" पहिल्यांदा मायेनं, मग काळजीनं, आणि पुढं पुढं जरा चिडूनच. एकदा त्यानं फोन माझ्याकडं द्यायला सांगितला. "अण्णा, आई चालतच नाही. आकडे माझ्यासमोर आहेत. तुम्ही तिला जोर करत नाही. असंच राहिलं तर ती अंथरुणाला खिळेल. मी तिला इकडं घेऊन येतो. इथं व्यायाम करून घेणारं एक केंद्र आहे, महिना-दोन महिने ठेवू."

त्याचं चुकत होतं असं नाही. डॉक्टरांचं वाक्य त्यानंही ऐकलं होतं. पण घर सोडून परक्या ठिकाणी राहायचं म्हटल्यावर हिचा चेहरा उतरला. ती काही बोलली नाही.

चूक केली ती मी. दुपारी मी आतल्या खोलीत पेपर वाचत पडतो, तिथंच डोळा लागतो. तेवढ्या वेळात ती काय करते ते मी पाहत नव्हतो. त्या संध्याकाळी मी विचारलं, "आज किती फेऱ्या झाल्या?"

"चौदा."

मी तिचा हात धरून पट्टा पाहिला, वर्गात पोराची पाटी पाहावी तसा. "चौदा फेऱ्या झाल्या असत्या तर इथं शहाण्णवच कसे?"

"मग मी काय खोटं बोलायले का?"

मी गप्प राहिलो. जवळजवळ पन्नास वर्षांच्या संसारानंतर त्या गप्प राहण्याचा अर्थ कळायला तिला वेळ लागला नाही. तिनं पट्टा सोडला, खिडकीत ठेवला, आणि पुढचे दोन दिवस ती वॉकरला शिवलीही नाही. "तुमच्या घड्याळालाच चालवा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या रात्री मला झोप लागेना. मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवायचो. एका शाळेत आमचा पर्जन्यमापक कुणीतरी कडुलिंबाखाली ठेवला होता. गावात पाऊस झोडपून जायचा आणि आमच्या नोंदवहीत चार-दोन मिलिमीटर. त्यावर मी पोरांना चांगला अर्धा तास शिकवलं होतं: पावसाला नावं ठेवायच्या आधी भांडं कुठं ठेवलंय ते बघा. पोरांना शिकवलेलं स्वतःच्या घरात मला आठवलं नाही.

आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. थापटणं घेऊन त्यांनी संतांची डोकी ठोकून पाहिली आणि कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं. मी ठरवलं, सकाळी या पट्ट्याला थापटून बघायचं.

मोजायला चिंचोके घेतले. पहिलीच्या वर्गात आम्ही अंक चिंचोक्यांवरच शिकवायचो. दहा पावलांना एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. आधी माझाच पट्टा तपासला. मैदानावर नेहमीच्या चालीनं, हात मोकळे सोडून पाचशे पावलं चाललो. पट्टा म्हणाला चारशे शहाण्णव. उत्तम! एवढी चूक तर मीही करीन. मग सायकल हातात धरून ढकलत तीनशे पावलं चाललो. पट्टा म्हणाला एक्केचाळीस. मी तिथंच उभा राहिलो. सायकल काही मला ओढत नव्हती, पाय माझेच चालले होते!

घरी आलो तर आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी भाकरी करत होत्या. त्यांना म्हटलं, "जरा हे हातात बांधा." त्यांना वाटलं मास्तर बिघडले. ओट्यापाशी एका जागी उभ्या राहून त्यांनी बारा भाकरी थापल्या. पट्ट्यानं दोनशे तीस पावलं मांडली. खुर्चीवरून हे सगळं पाहत असलेली आमची ही दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "जन्मभर भाकरी थापल्यात. काशीला जाऊन आले असते की मी."

आता तिची पाळी. मी म्हटलं, "एकदा चाल, मी मोजतो." तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि वॉकर ओढला. मी चिंचोके घेऊन बरोबर चालू लागलो. तुळशीपर्यंत माझी नऊ पावलं होतात. तिची चोवीस झाली. म्हणजे फेरीला अठ्ठेचाळीस. चौदा फेऱ्यांची सहाशे बहात्तर. आणि त्या दिवशी मी तिला शहाण्णव दाखवून गप्प बसलो होतो. मोजून दोनशे पावलं झाली तेव्हा पट्ट्यावर अठरा होते.

आमच्या पिढीत बायकोची माफी मागायची पद्धत नाही. मी आत जाऊन चहा केला. साखर जास्त पडली. तिनं काही न बोलता प्यायला.

असं का होतं, ते नंतर एका जुन्या विद्यार्थ्यानं फोनवर समजावलं. तो इंजिनिअर आहे. या पट्ट्याला पाय दिसत नाहीत आणि जमीनही दिसत नाही. त्याच्या आत डाळीच्या दाण्याएवढी एक चिप असते आणि तिच्यात सूक्ष्म वजनं टांगलेली असतात. पट्टा हलला की ती वजनं मागं-पुढं, वर-खाली, डावी-उजवीकडं सरकतात आणि किती हिसका बसला ते कळतं. आपण हात हलवत चालतो तेव्हा त्या हिसक्यांची एक ठरावीक लाट तयार होते. तसल्या लाटा ओळखायच्या आणि त्यांचे माथे मोजायचे, एवढंच पट्ट्यातला प्रोग्रॅम करतो. बारीकसारीक हालचालींना फसू नये म्हणून हिसका अमुक एवढा मोठा पाहिजे, चालीला ताल पाहिजे, असे नियम त्यात घातलेले असतात. सलग काही पावलं पडल्याशिवाय बरीच यंत्रं मोजायला सुरुवातच करत नाहीत.

आता वॉकरवालं माणूस बघा. हात दांड्यावर घट्ट रोवलेले. चाल मंद. पाऊल घसटतं, हिसका नाहीच. चार पावलांनी दम घ्यायला थांबायचं, व्हरांडा संपला की वळायचं. पट्टा ज्या ज्या खुणांवरून चालणं ओळखतो त्यातली एकही तिच्या चालण्यात नव्हती. काठी टेकणाऱ्यांचं, सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं, हातगाडी ढकलणाऱ्यांचं थोड्याफार फरकानं हेच होतं. मंद चालीत मनगटावरची यंत्रं कमी मोजतात, हे अभ्यासकांनाही ठाऊक आहे. म्हणून अशांची पावलं मोजताना यंत्र घोट्याला बांधलेलं बरं, असं ते सांगतात.

त्याच दिवशी मी तिचा पट्टा घोट्यावर मोज्यात खोचला. मोजून दोनशे पावलं. पट्टा म्हणाला एकशे सत्त्याऐंशी. ती म्हणाली, "सत्तराव्या वर्षी पैंजण घातलेत, तेही एकाच पायात."

हे सगळं करताना मला एका मास्तराची फार आठवण झाली. नैनसिंग रावत. कुमाऊँतल्या मिलम गावचे शाळामास्तर, म्हणून त्यांना पंडित म्हणत. तिबेटात परक्यांना बंदी होती तेव्हा इंग्रजांच्या सर्व्हे खात्यानं त्यांना नकाशासाठी तिकडं वेषांतर करून पाठवलं. चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचं पडलं पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून आधी करून घेतला होता. हातात जपमाळ. माळेत एकशे आठ मणी असतात, यांच्या माळेत शंभरच. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं! प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी मोजमापांच्या चिठ्ठ्या. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. ल्हासापर्यंतची आणि पुढं मानसरोवराकडची शेकडो मैलांची वाट त्यांनी अशी पावलांनी मोजली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. चालणारा आणि मोजणारा एकच होता, आणि त्याचं सगळं लक्ष पावलाकडं होतं. मी भूगोलाच्या तासाला हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसायची.

त्यांची माळ दहा हजारांची असणं हा योगायोग. आपल्या पट्ट्यांतला दहा हजारांचा आकडा आला जपानमधून. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, लोकांना व्यायामाची हौस लागली, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव गोड, आकडा गोल, तो जगभर चिकटला. तब्येतीला नेमकी किती पावलं लागतात याचे मोठे अभ्यास पुष्कळ नंतर झाले. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जवळपास सतरा हजार वयस्कर बायकांचा अभ्यास छापला. सरासरी वय बहात्तर. रोज २,७०० च्या आसपास पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास टाकणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढं आणखी फायदा फारसा वाढला नाही. हे मी आमच्या कंपूत सांगितलं तेव्हा तलाठी फाटकापाशी एकदम थांबले! त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. त्या बायकांनी यंत्र मनगटाला लावलं नव्हतं, कमरेला लावलं होतं.

एकदा संशय आला की मास्तर थांबत नाही. एका पहाटे, रहदारी वाढायच्या आत, तुळजापूर रस्त्यावर जाऊन किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये चाललो. पावलं मोजली पंधराशे वीस. पट्ट्यानं सहा कमी दाखवली, पण अंतर मात्र एक किलोमीटर शंभर मीटर सांगितलं. कारण माझं पाऊल किती लांब पडतं हे त्याला ठाऊक नाही. उंची विचारून घेतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी उंचीपेक्षा पाऊल लवकर आखडतं, हे त्याला कोण सांगणार? आणि किती कॅलरी जळल्या तो आकडा तर विसराच. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी साठ माणसांवर सात यंत्रं तपासली. नाडीचे आकडे बहुतेक यंत्रांत ठीक निघाले. कॅलरींच्या बाबतीत त्यातल्या त्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

त्या रस्त्यानं तरुणपणी नवरात्रात मी पुष्कळदा तुळजापूरला चालत गेलोय. वीस-बावीस किलोमीटर. कोजागरीला तर सोलापूरहून हजारो माणसं आईच्या दर्शनाला रात्रभर चालत येतात, ते याच्या दुपटीहून लांब. त्यांची पावलं कुणी मोजत नाही. पोचलात का, एवढंच विचारतात.

चिरंजीवांना त्या रात्री मीच फोन केला. चिंचोके, सायकल, भाकरी, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, असं कसं होईल? माझं तर बरोबर दाखवतं." बरोबरच आहे. तो चाळिशीचा, भराभर चालणारा, हात हलवणारा. माझंही बरोबरच दाखवत होतं, म्हणून तर माझा त्याच्यावर विश्वास बसला होता. मी म्हटलं, "उद्या सकाळी व्हिडिओ लाव. तूच मोज."

सकाळी फोन खुर्चीवर उभा करून ठेवला. ती चालू लागली. पुण्याहून तो मोठ्यानं मोजत होता. एक, दोन, तीन... लहानपणी तिनं त्याला पायऱ्या उतरताना अंक शिकवले होते, तसंच काहीसं. तीसच्या पुढं त्याचा आवाज हळू झाला. फेरी पुरी झाली. ती वळली, वॉकर सरळ केला आणि दुसरीला निघाली. तेव्हा तो म्हणाला, "आई, बस जरा. दमलीस." रोज रात्री 'आणखी चाल' म्हणणाऱ्या पोराच्या तोंडून ते ऐकून तिला काय वाटलं कुणास ठाऊक. तिनं दुसरी फेरी पुरी केली आणि मगच बसली. पुण्याला जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे वाचून कुणी पट्टा फेकून देऊ नये. मी अजून वापरतो. कालच्यापेक्षा आज मी कमी चाललो का, हे तो बऱ्यापैकी सांगतो. एकच यंत्र, एकच माणूस, एकच चाल असेल तर तुलना चालते. पण आपण स्वतः शंभर पावलं मोजून एकदा त्याची परीक्षा घ्यावी. आणि ज्यांच्या घरी काठीवर, वॉकरवर चालणारं माणूस आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. लांब राहणाऱ्या मुलांना आईबापांची काळजी असते म्हणूनच ती हे आकडे पाहतात. त्यांनी आकडा कमी दिसला की आधी विचारावं, मग रागवावं. जवळ राहणाऱ्या नवऱ्यानं तर विचारूही नये, उठून व्हरांड्यात जाऊन बसावं. यंत्रानं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. ते हाताचे हिसके मोजत होतं, ते त्यानं इमानानं मोजले. त्याचं ऐकून मी तिला खोटं ठरवलं, हे काम माझं.

घोट्याचा पट्टा तिनं महिनाभर वापरला, मग टोचतो म्हणून काढला. आता तुळशीच्या कट्ट्यावर चिंचोक्यांची एक वाटी आणि शेजारी एक रिकामी वाटी असते. फेरी झाली की ती एक चिंचोका इकडून तिकडं टाकते. वॉकर गेला, काठी आली. मी दुपारी आत झोपत नाही, व्हरांड्यातच खुर्ची टाकून पेपर वाचतो आणि संध्याकाळी वहीत फेऱ्यांचा आकडा लिहितो. जुनी सवय.

काल मी चौदा मोजल्या. वाटीत पाहिलं तर पंधरा चिंचोके. मधे एकदा दूधवाला आला होता, तेव्हा मी फाटकापाशी गेलो होतो.

वहीत पंधरा लिहिले.